पडद्यावर देखणी, कागदावर काळवंडलेली: चित्रपट-अंकातल्या फ्रेमचा दर अंकाला होणारा बिघाड

लक्षण नेहमीचंच. विद्यार्थ्यांच्या चित्रपट-अंकाची पानं मॉनिटरवर झकास दिसतात, पीडीएफ फोनवर त्याहून झकास दिसते, आणि गठ्ठा छापून आला की रात्रीच्या प्रसंगातला चेहरा शोधावा लागतो. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, केस आणि मागची भिंत एकजीव, निळा उजेड जांभळट. मग पुढच्या अंकाला कुणीतरी सगळ्या फोटोंचा ब्राइटनेस सरसकट वाढवतं आणि तेच फोटो धुरकट, निर्जीव येतात. त्यापुढच्या अंकाला मंडळी बदललेली असतात, त्यामुळे पुन्हा काळं.

मूळ कारण एकच. सिनेमाची फ्रेम अंधाऱ्या खोलीत, स्वतः उजेड देणाऱ्या पडद्यावर बघण्यासाठी रंगवलेली असते. कागद उजेड देत नाही, पडलेला उजेड परत पाठवतो, आणि गडद भागात शाईचे थेंब पसरून एकमेकांना चिकटतात. यालाच छपाईत डॉट गेन म्हणतात. पडद्यावर काळ्याच्या ज्या आठ-दहा छटा वेगळ्या कळतात, त्या साध्या कागदावर दोन-तीनच उरतात. म्हणून चित्रपटातून काढलेल्या फ्रेमकडे तयार फोटो म्हणून न बघता कच्चा माल म्हणून बघायला हवं. छपाईसाठी तिच्यावर वेगळं काम करावंच लागतं.

अडचण अशी की बिघाड चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकतो आणि कागदावर मात्र सगळा सारखाच दिसतो. त्यामुळे कर्व्हला, म्हणजे छटा उजळ-गडद करणाऱ्या वक्ररेषेला, हात लावण्याआधी तपास.

बिघाड कुठे आहे?

फ्रेम फोटोशॉप किंवा गिंपमध्ये उघडा आणि हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडच्या काळ्यापासून उजवीकडच्या पांढऱ्यापर्यंत कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख.

आलेख १६ च्या आसपास सुरू होऊन २३५ च्या आसपास संपत असेल, तर व्हिडिओची मर्यादित पातळी तशीच फोटोत उतरली आहे. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. फोटोत ० आणि २५५. अशी फ्रेम पातळ दुधासारखी दिसते. लेव्हल्समध्ये इनपुटचे आकडे १६ आणि २३५ घाला, काम झालं.

डावीकडे शून्यावर उभी भिंत असेल, म्हणजे भरपूर पिक्सेल थेट शून्यावर साचले असतील, तर नेमका उलटा प्रकार झालेला असू शकतो: आधीच पूर्ण पातळीत असलेला व्हिडिओ प्लेअरने पुन्हा ताणला. सावलीतला तपशील इथे पुसला गेलेला असतो आणि कुठल्याही कर्व्हने तो परत येत नाही. फ्रेम नव्याने काढणं एवढाच उपाय. अर्थात दिग्दर्शकाने मुद्दाम ठार काळोख ठेवला असेल तरीही अशीच भिंत दिसते, म्हणून मूळ चित्रपटाशी एकदा ताडून बघा.

आलेख मधोमध गोळा झालेला, दोन्ही टोकं रिकामी आणि फ्रेम फिकट करडी, तर कुणीतरी रंगसंस्कार न झालेलं लॉग फुटेज पाठवलं आहे. ते स्वतःच्या अंदाजाने रंगवू नका. ग्रेडिंग झालेली फ्रेम मागवा, नाहीतर छायालेखकाने ठरवलेला लूक अंकात भलताच दिसेल.

हिस्टोग्राम ठीकठाक असेल, तर दोष मॉनिटर, प्रोफाइल (रंगांचे आकडे त्या पडद्यावर किंवा कागदावर कसे दिसतात ते सांगणारी फाइल) किंवा कागद यांपैकी कशात तरी आहे.

मॉनिटरचा तपास दोन मिनिटांचा आहे. पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा, खोलीतला नेहमीचा उजेड असू द्या. पडदा कागदापेक्षा झगझगीत वाटत असेल तर तो सारखा दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मोजायचं यंत्र असेल तर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला एवढी पातळी धरा. लॅपटॉप बहुतेक वेळा याच्या दुप्पट-तिप्पट उजळ ठेवलेले असतात, आणि इतक्या उजेडात सावल्या आपोआपच मोकळ्या दिसतात. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय आणि खोलीच्या उजेडानुसार रंग बदलणारी सोय, दोन्ही बंद.

फ्रेम काढतानाच होणारं नुकसान

स्क्रीनशॉट घेऊ नका. स्क्रीनशॉट चित्रपटाच्या रिझोल्यूशनचा न येता पडद्यावर दिसणाऱ्या आकाराचा येतो, आणि त्यात मॉनिटरचं प्रोफाइलही मिसळतं. मॅकवरच्या स्क्रीनशॉटला तर त्या पडद्याचं प्रोफाइलच जोडलेलं असतं. असा फोटो नाइलाजाने वापरावा लागलाच तर तो आधी एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यांसाठीच्या प्रमाण प्रोफाइलमध्ये, कन्व्हर्ट करा. असाइन आणि कन्व्हर्ट यांत गल्लत नको: असाइन केल्यावर आकडे तेच राहतात आणि रंग बदलून दिसतात, कन्व्हर्ट केल्यावर रंग तसेच दिसतात आणि आकडे बदलतात.

विद्यार्थ्यांचाच लघुपट असेल तर संकलकाकडून थेट टाइमलाइनवरून फ्रेम मागवा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये कलर पेजवर 'ग्रॅब स्टिल' करून गॅलरीतून टिफ किंवा पीएनजी निर्यात होते. प्रीमिअरमध्ये कॅमेऱ्याच्या चिन्हाचं 'एक्स्पोर्ट फ्रेम' बटण आहे. फक्त फाइलच हाताशी असेल तर व्हीएलसीत 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे सरका आणि स्नॅपशॉट घ्या. सेटिंगमध्ये प्रकार पीएनजी आहे ना ते बघा.

कुठली फ्रेम घ्यायची हेही महत्त्वाचं. सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर असेल तर प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर १/४८ सेकंद असतं, म्हणजे वळणारं डोकं किंवा उचललेला हात पुसटच येणार. पात्र थबकतं तो क्षण पकडा आणि त्याच्या आगेमागे पाच-सहा फ्रेम काढून ठेवा. कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत काही फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात, बाकीच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून उभ्या केलेल्या असतात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन फ्रेमच्या दर्जातही डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो. शंभर टक्क्यांवर झूम करून निवडा.

जुन्या डीव्हीडीवरून घेतलेल्या फ्रेममध्ये माणसं लांबट किंवा चपटी दिसत असतील तर पिक्सेल चौकोनी नाहीत. पॅल डीव्हीडीची फ्रेम ७२०×५७६ असते. रुंद पडद्याच्या चित्रपटासाठी ती १०२४×५७६ करावी लागते. जुन्या एचडीव्हीचं १४४०×१०८० हे १९२०×१०८० करायचं. आडव्या कंगव्यासारख्या रेघा असतील तर फोटोशॉपच्या 'व्हिडिओ' फिल्टरमधलं 'डी-इंटरलेस' वापरा, पण त्यानंतर उभा तपशील निम्माच उरतो हे धरूनच छापायचा आकार ठरवा.

आणि फोटो चॅट ॲपवरून साध्या फोटोसारखा पाठवू नका. तिथे तो लहान आणि दाबलेला होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा.

पिक्सेलचा हिशेब

पूर्ण एचडी फ्रेम १९२०×१०८० असते. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ती १६.३ सेंटिमीटर रुंद छापता येते, २४० ने २०.३. ए४ पानावर डावीकडून उजवीकडे, ३ मिलिमीटर ब्लीडसह (पान कापताना जाणारी जादा कड) आडवी पसरली तर साधारण २२५ पीपीआय मिळतात. साध्या कागदावर हे चालून जातं.

घोळ होतो तो उभं पान भरताना. मुखपृष्ठाला आडवी फ्रेम हवी तशी कापून उभी बसवली की १०८० पिक्सेल ३०.३ सेंटिमीटरवर ताणले जातात, म्हणजे जेमतेम ९० पीपीआय. त्यात फ्रेमला वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर आणखी वाईट: २.३९ गुणोत्तराच्या (रुंदी भागिले उंची) चित्रपटाची खरी प्रतिमा १९२० च्या फ्रेममध्ये फक्त ८०३ पिक्सेल उंच असते. यूएचडी म्हणजे ३८४०×२१६० ची फ्रेम असेल तर उभ्या पानाला १८० च्या आसपास मिळतात. दाणेदार, गडद फ्रेम असेल तर तेवढ्यात निभावतं. नाहीतर मुखपृष्ठासाठी सेटवर स्थिर कॅमेऱ्याने काढलेला फोटोच घ्या. मुखपृष्ठाला एचडी फ्रेम हा हट्ट सोडलेला बरा.

पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर इनडिझाइन, त्याच्या लिंक्स पॅनेलमध्ये 'इफेक्टिव्ह पीपीआय' हा आकडा बघायची सवय लावा. 'अॅक्च्युअल' बघून काही कळत नाही, कारण फोटो मोठा केला की तो बदलत नाही. प्रीफ्लाइटमध्ये (छपाईपूर्व तपासणी) २०० च्या खाली इशारा येईल असा नियम लावून ठेवा.

मोठं करणं टाळता येत नसेल तर दीडपट, फार तर दुप्पट. त्याआधी रंगांचे डाग काढा. बहुतेक व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या रुंदीची आणि निम्म्या उंचीची साठवलेली असते, म्हणून गालावर हिरवे-जांभळे ठिपके दिसतात. फोटो लॅब मोडमध्ये (एल म्हणजे उजेड, ए आणि बी म्हणजे रंग) नेऊन ए आणि बी चॅनेलना दीड-दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, एल चॅनेलला हात लावू नका. मग 'प्रिझर्व्ह डीटेल्स २.०' ने मोठं करा. शेवटी एकरंगी नॉइज दोन-तीन टक्के घाला. दाणा आला की वाढवलेल्या फोटोचं मेणचटपण जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनं दात, पापण्या, बोटं स्वतःच्या मनाने रचतात. ज्या अभिनेत्याचा चेहरा छापायचा आहे त्याचा चेहरा बदलला तर ते छायाचित्र उरत नाही, म्हणून अशा निकालातले डोळे आणि तोंड मूळ फ्रेमशी लावून तपासल्याशिवाय पान पुढे पाठवू नका.

चाचणीचं एक पान

ही पायरी वगळली जाते आणि बाकी सगळी मेहनत अंदाजावर चालते. प्रेसकडे त्याच यंत्रावर, त्याच कागदावर एक ए४ पान छापून मागा. त्यावर दोन गोष्टी ठेवा.

पहिली, करड्या चौकोनांची पट्टी: आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे सारखे ठेवून ०, १०, २०, ३० असे ८० पर्यंत नऊ चौकोन, दोन सेंटिमीटरचे, मधे फट न ठेवता चिकटून. दुसरी, अंकातल्याच एका गडद फ्रेमच्या तीन प्रती: जशीच्या तशी, थोडी उचललेली, बरीच उचललेली, आणि प्रत्येकीखाली तिच्या कर्व्हचे आकडे.

छापलेली पट्टी दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बघा. समजा ०, १० आणि २० हे तीन चौकोन एकच काळा पट्टा झाले आणि ३० चा चौकोन कसाबसा वेगळा दिसतो. याचा अर्थ या कागदावर ३० च्या खाली काहीही दाखवता येत नाही. चेहऱ्याची सावलीतली बाजू, डोळ्यांच्या कडा, केसांची रेघ, जे जे वाचकाला दिसायला हवं ते ३० च्या बरंच वर हवं. हा एक आकडा हाती आला की कर्व्ह कुठे उचलायचा याचा वाद संपतो. कागद किंवा प्रेस बदलली की चाचणी पुन्हा करा. गुळगुळीत आर्ट पेपरवर हाच आकडा खूप खाली येतो.

कर्व्ह: काय उचलायचं आणि काय नाही

वरच्या उदाहरणात चेहऱ्याची अंधारी बाजू मूळ फ्रेममध्ये २५ ते ४५ च्या दरम्यान असेल. कर्व्ह्जची अॅडजस्टमेंट लेयर घ्या आणि हे बिंदू ठेवून बघा (आधी मूळ आकडा, मग नवा): ० ला ०, २० ला ३४, ४५ ला ७०, ११० ला १३२, २०० ला २०५, २५५ ला २५५. शून्याचा बिंदू जागेवरून हलवू नका. धुरकट फोटोंचं कारण हेच असतं: काळाच उचलला गेला, आणि काळा नसला की बाकी रंग उभे राहत नाहीत.

लेयरचा ब्लेंड मोड 'ल्युमिनॉसिटी' करा. साध्या मोडमध्ये कर्व्ह उचलला की रंगही सरकतात आणि दिव्याचा नारंगी उजेड भगभगीत होतो. ल्युमिनॉसिटीमध्ये रंग किंचित फिके वाटले तर सॅच्युरेशन पाच-आठ अंकांनी वाढवा, त्याहून जास्त नको.

मग मास्क, म्हणजे बदल कुठे लागू व्हावा ते ठरवणारा पडदा. सगळी फ्रेम उचलायची गरज नसते. चेहरा, हात, हातातली वस्तू एवढंच मऊ ब्रशने उघडं करा, ब्रशची अपारदर्शकता २० ते ३० टक्के, आणि मागची भिंत काळी राहू द्या. अंधार अंधारच वाटतो आणि चेहरा वाचता येतो. कडेला तेजोवलय दिसायला लागलं तर मास्कचा फेदर (कडेचा मऊपणा) वाढवा.

एक मर्यादा पाळायला हवी. निळ्या उजेडातला चेहरा 'त्वचेच्या रंगाचा' करायला जाऊ नका. तो निळा दिग्दर्शकाने आणि छायालेखकाने ठरवलेला आहे. आपण फक्त उजेडाची पातळी कागदाला पेलेल इतकी करतो, रंगाचा निर्णय त्यांचा.

निळा जांभळट छापला जातो ती गोष्ट वेगळी. आरजीबीतला गर्द निळा छपाईच्या चार शाईंच्या (सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक) आवाक्यात बसत नाही, आणि रूपांतरात मॅजेंटा वाढतो. ह्यू/सॅच्युरेशनमध्ये फक्त 'ब्लूज' निवडून ह्यू उणे ८ ते १२ करा आणि सॅच्युरेशन थोडं उतरवा. रूपांतरानंतरच्या आकड्यांत मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी आहे ना ते इन्फो पॅनेलमध्ये बघा. निऑन गुलाबी आणि झगझगीत हिरवा मात्र कागदावर कधीच तसा येत नाही. लेखच त्या रंगाबद्दल असेल तर दुसरी फ्रेम निवडा.

धार सगळ्यात शेवटी, छापायच्या आकारावर आणल्यावर: अनशार्प मास्क, प्रमाण ८० ते १२०, त्रिज्या १ पिक्सेल, थ्रेशोल्ड ३ किंवा ४. शंभर टक्क्यांवर किंचित जास्त वाटली तर कागदावर बरोबर येते.

आतली पानं कृष्णधवल असतील तर नुसतं 'ग्रेस्केल' करू नका. चेहरा नारंगी आणि पार्श्वभूमी निळसर-हिरवी अशा फ्रेममध्ये दोन्हींचा करडा रंग जवळपास सारखाच येतो आणि माणूस भिंतीत विरघळतो. 'ब्लॅक अँड व्हाइट' लेयर घ्या, रेड्स आणि यलोज वर, सायन्स आणि ब्लूज खाली. रंगातला फरक उजेडातल्या फरकात बदलला की चेहरा पुढे येतो.

प्रोफाइल

प्रेसला कोणतं प्रोफाइल वापरता ते विचारा. फोटोशॉपच्या उत्तर अमेरिकेच्या सेटिंगमध्ये मुळात बसलेलं 'यूएस वेब कोटेड स्वॉप' जसंच्या तसं ठेवलं जातं, आणि तुमच्या कागदाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. उत्तरच मिळालं नाही तर आर्ट पेपरला फोग्रा ३९ किंवा ५१ वर (छपाईच्या मोजमापांचे प्रमाण संच) आधारलेलं, साध्या कागदाला फोग्रा ५२ वर आधारलेलं प्रोफाइल धरा. 'प्रूफ सेटअप'मध्ये ते निवडून 'सिम्युलेट पेपर कलर' चालू केलं की फोटो एकदम मरगळलेला दिसतो. घाबरू नका, छापल्यावर तो साधारण तसाच दिसणार आहे. काम करायचं ते हे बघत.

मूळ फोटो आरजीबीतच ठेवून पीडीएफ काढताना रूपांतर करणं सोयीचं पडतं: कागद बदलला तरी फोटो पुन्हा करावे लागत नाहीत. गिंप आणि स्क्रायबस वापरणाऱ्यांनीही हाच मार्ग धरावा. काही डिजिटल प्रेस आरजीबी पीडीएफच मागतात, तेही विचारून घ्या.

चारही शाईंची बेरीज बघा. आर्ट पेपरला साधारण ३०० टक्क्यांच्या आत, वर्तमानपत्री कागदाला २४० च्या आत. याहून जास्त झाली की शाई सुकत नाही आणि समोरच्या पानावर डाग उमटतो. इनडिझाइनच्या 'सेपरेशन्स प्रिव्ह्यू'मध्ये 'इंक लिमिट' निवडलं की मर्यादा ओलांडणारी जागा लाल दिसते.

काळ्या पानावरचा न दिसणारा चौकोन

चित्रपट-अंकात काळी पानं असणारच. फ्रेमच्या कडा काळ्या, पानही काळं, मॉनिटरवर दोन्ही एकसंध. छापल्यावर मात्र फोटोचा चौकोन स्पष्ट दिसतो. कारण पानाचा काळा नुसत्या काळ्या शाईचा आहे आणि फोटोतला काळा चार शाईंचा. इनडिझाइन हे लपवतं, कारण तिथे मुळातच सगळे काळे सारखे गडद दाखवायची सोय चालू असते. प्रेफरन्सेसमध्ये 'अपिअरन्स ऑफ ब्लॅक' उघडून 'डिस्प्ले ऑल ब्लॅक्स अॅक्युरेटली' करा. चौकोन लगेच पडद्यावर दिसू लागतो.

उपाय दोन. पक्का उपाय असा: फोटोशॉपमध्ये फ्रेमचा कॅनव्हास ब्लीडसह पूर्ण पानाएवढा करा, रिकाम्या जागेत फ्रेमच्या कडेचाच काळा भरा, सांधा मऊ ब्रशने मिटवा आणि सगळं एकच चित्र म्हणून पानावर ठेवा. एकाच रूपांतरातून गेल्यामुळे दोन्ही काळे सारखेच राहतात. घाईतला उपाय: पानाला सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १०० असा गर्द काळा द्या आणि फोटोच्या कडांना 'ग्रेडिएंट फेदर' लावा. स्वॉचेसमधला 'रजिस्ट्रेशन' नावाचा काळा कधीही वापरू नका, तो चारही शाई शंभर-शंभर टक्के ओततो.

या पानांवरची पांढरी अक्षरं हा दुसरा त्रास. चार शाई केसभर जरी सरकल्या तरी पातळ रेषा बुजते. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि 'श्र', 'क्ष' यांचे आतले पोकळ भाग आधी भरतात. लांब मजकूर असलेल्या काळ्या पानाला फक्त ब्लॅक १०० आणि सायन ४० ठेवा. अक्षर ११ पॉइंटच्या खाली नको, आणि वजन नेहमीपेक्षा एक पायरी जाड.

गडद आकाशात पट्टे दिसत असतील तर ते आठ बिटच्या फाइलमुळे. कर्व्ह १६ बिटमध्ये करा, शेवटी एक-दोन टक्के नॉइज घाला.

मांडणीत फ्रेम कापली जाते तेव्हा

चौकट आधी आखून त्यात 'फिल फ्रेम प्रपोर्शनली' केलं की सॉफ्टवेअर बेधडक कडा कापतं. चित्रपटाच्या फ्रेममध्ये कडेला उभं असलेलं पात्र किंवा मोकळी सोडलेली जागा हाच अनेकदा लेखाचा मुद्दा असतो. त्यामुळे रुंदी ठरवा आणि उंची गुणोत्तरावर सोडा. १७ सेंटिमीटर रुंदीच्या मजकुराच्या पानावर २.३९ ची फ्रेम ७.१ सेंटिमीटर उंच येते, १.८५ ची ९.२, १६:९ ची ९.६ आणि १.३३ ची १२.८. या चार चौकटी एकदा करून लायब्ररीत ठेवल्या की प्रत्येक अंकात त्याच वापरता येतात. लेटरबॉक्सच्या काळ्या पट्ट्या मात्र कापूनच टाका, तो चित्रपटाचा भाग नाही.

समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या फ्रेममध्ये चेहरा घडीत जाऊ देऊ नका. पाठीला डिंक लावून बांधलेल्या अंकात पानाची आतली कड आठ-दहा मिलिमीटर दिसतच नाही. डोळे घडीपासून निदान दीड सेंटिमीटर लांब ठेवा. मधे पिना मारलेल्या अंकाची पानसंख्या चारच्या पटीत लागते, ते शेवटच्या रात्री आठवलं तर चांगल्या फ्रेमच आधी उडतात.

मजकुराबद्दल थोडक्यात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जात असेल किंवा जोडाक्षर पाय मोडून दिसत असेल तर इनडिझाइनच्या परिच्छेद सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. स्क्रायबस असेल तर १.४ सोडून १.६ घ्या. शिरोरेषा तुटत असेल तर ट्रॅकिंग (अक्षरांमधली मोकळीक) शून्य करा, आणि जस्टिफिकेशनमधल्या लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडेही शून्य. ११ पॉइंटला १६ ची ओळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. फोटोओळीत चित्रपट, दिग्दर्शक, वर्ष आणि सेटवरचा फोटो असेल तर छायाचित्रकाराचं नाव हवंच.

पाठवण्याआधी

पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) काढा, 'यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज'वर खूण करा. प्रेसचं यंत्र जुनं असेल तर ते एक्स-१ए मागतील, तेव्हा फेदर आणि सावल्या नीट सपाट झाल्या आहेत ना ते पुन्हा बघा. मग अॅक्रोबॅटमध्ये 'आउटपुट प्रिव्ह्यू' उघडून ब्लॅकवरची खूण काढा. पांढऱ्या पानांवरचा मजकूर संपूर्ण गायब झाला पाहिजे. कुठे पुसट रंगीत अक्षरं उरलीच तर तो मजकूर आरजीबी काळ्यातला आहे. चार शाईंची अक्षरं छापताना कडेला रंग दाखवतात, तेव्हा तिथे नुसता ब्लॅक १०० द्या.

शेवटी त्याच कागदावरचा प्रूफ (तपासणीसाठी छापलेली प्रत) मागा आणि सगळ्यात गडद फ्रेमचं पान आधी बघा. चेहरा अजूनही बुजलेला असेल तर 'शाई जरा कमी सोडा' असं प्रेसवाल्याला सांगू नका. ऑफसेटच्या एका मोठ्या शीटवर तुमची आठ किंवा सोळा पानं एकत्र छापली जातात, आणि एका फ्रेमसाठी शाई उतरवली की त्याच पट्ट्यातली बाकीची पानं फिकी पडतात. त्या एका फ्रेमचा कर्व्ह ४५ च्या बिंदूपाशी आणखी आठ-दहा अंकांनी उचला, तेवढंच पान बदलून पाठवा आणि त्याचाच प्रूफ पुन्हा मागा.